पाचापैकी पाच

फेब्रुवारी २०१७. जर्मनीत येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि पहिल्या सत्राचा पहिला निकाल विद्यापीठाच्या पोर्टलवर लागला होता. कंट्रोल सिस्टिम या विषयापुढे आकडा होता ५.०. जर्मन विद्यापीठांत गुण उलटे मोजतात. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. संध्याकाळी लातूरहून अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला.

"लागला का गं निकाल?"

"लागला. पाच मिळाले."

"कितीपैकी?"

"पाचापैकी."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी शाळेत पेढे वाटले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. स्टाफरूममधला फोटो त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. हातात पेढ्यांचा बॉक्स, मागे फळ्यावर कुठल्यातरी वर्गाचं वेळापत्रक. तो फोटो मी अजूनही पुसलेला नाही.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आता सांगतेय, कारण दर ऑक्टोबरात आमच्या शहरात नवी मुलं येतात. कुणी बार्शीचं, कुणी चिखलीचं, कुणी चिंचवडचं. त्यांना घर शोधायला, नगरपालिकेत पत्ता नोंदवायला मी आणि माझ्यासारखे काही जुने लोक मदत करतो. फेब्रुवारी-मार्च आला की त्यातली काही मुलं फोन उचलेनाशी होतात. खोदून विचारलं की कळतं, पेपर गेलाय आणि घरी काहीतरी वेगळंच सांगितलंय. मी आले त्या वर्षी जर्मनीत भारतीय विद्यार्थी १५ हजारांच्या आसपास होते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ते ४९ हजारांवर गेले, बाहेरच्या कुठल्याही एका देशाच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. म्हणजे हे माझ्या एकटीचं राहिलेलं नाही.

परीक्षेच्या ताणावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. लवकर उठा, वेळापत्रक करा, श्वासाचे व्यायाम करा, मोबाइल दूर ठेवा. यातलं काहीच चुकीचं नाही. पण परदेशात शिकणाऱ्या मुलाला जो ताण मोडतो तो पेपरचा नसतो, असं माझं ठाम मत झालंय. पेपर दोन तासांत संपतो. निकाल घरी सांगता येत नाही, हा ताण मात्र महिनोन्‌महिने चालतो आणि तो एकट्यानं वाहावा लागतो. तो जर्मनीत तयार होत नाही. विमानात बसण्याआधी, आपल्या घरांत आणि आपल्या कॉलेजांत तो तयार झालेला असतो. म्हणून त्याचा इलाजही तिकडेच करायला हवा.

आधी पैशाचं सांगते, कारण बरंचसं तिथून सुरू होतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, म्हणून शिक्षण फुकट आहे असा समज असतो. पण व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधी बंद खात्यात भरून ठेवावा लागतो आणि त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. २०१६ मध्ये ही रक्कम ८,६४० युरो होती, महिन्याला ७२०. आता ती ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२. आजच्या भावानं साधारण बारा लाख रुपये. ते उभे करताना आमच्यासारख्या घरात कर्ज आलंच, आणि साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर बँक तारण मागते. आमचा औसा रोडला एक प्लॉट होता. अण्णांनी अठरा वर्षं हप्ते भरून घेतलेला. तो बँकेकडे गेला.

अण्णांनी मला त्या प्लॉटवरून कधी एक शब्द ऐकवला नाही. नातेवाइकांपैकी कुणी काढलाच विषय, तर ते उठून आत जायचे. आपण दडपण म्हटलं की रागावणारा, दुसऱ्याच्या पोरांशी तुलना करणारा बाप डोळ्यांसमोर आणतो. माझ्या ओळखीतल्या बहुतेक मुलांचे आईवडील असे नाहीतच. ते मायेनं वागतात, स्वतःची चप्पल बदलत नाहीत आणि मुलाला विचारतात, "पैसे पुरतात ना रे?" अशा माणसाला "मी नापास झाले" हे सांगणं रागावणाऱ्याला सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. रागावणाऱ्याशी भांडता तरी येतं.

आता पेपरचं. मी नापास का झाले याचं उत्तर मला तेव्हा "अभ्यास कमी पडला" एवढंच सुचलं होतं. अभ्यास कमी नव्हता, त्याची जात वेगळी होती. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सत्र परीक्षेच्या आधी मागच्या पाच वर्षांचे पेपर काढायचे, कुठला प्रश्न किती वेळा आला ते मोजायचं, 'आयएमपी' वर खूण करायची, सिद्धता पाठ करायची आणि सबमिशन, टर्मवर्क, ओरल यांतून उरलेले गुण गोळा करायचे. मी त्यात पटाईत होते, डिस्टिंक्शनवाली. मी ज्या गावातून आले त्या गावाच्या नावानं एक अख्खा 'पॅटर्न' महाराष्ट्रात ओळखला जातो. घोकून, सराव करून, पहाटे चारला उठून केलेल्या कष्टांची मला लाज वाटत नाही. त्याच कष्टांनी आमच्या भागातली हजारो मुलं डॉक्टर, इंजिनिअर झाली.

पण इथे हजेरी नाही, टर्मवर्क नाही. बहुतेक विषयांत सत्राच्या शेवटी एकच पेपर, दीड-दोन तासांचा, आणि सगळी श्रेणी त्याच्यावर. त्या विषयाला ए-फोर आकाराचा एक कागद, स्वतःच्या हातानं दोन्ही बाजूंनी लिहून, परीक्षेत न्यायची परवानगी होती. मला वाटलं, हे तर फारच सोपं. मुंगीएवढ्या अक्षरांत सगळ्या सिद्धता त्या कागदावर उतरवल्या. पेपरात चार गणितं होती आणि चारही मी कधी न पाहिलेल्या यंत्रांवरची. एकात तर आकडेमोड जवळजवळ नव्हतीच. एक आलेख दिला होता आणि विचारलं होतं, ही यंत्रणा स्थिर राहील का, आणि तुम्हाला असं का वाटतं? मला काय वाटतं हे तोवर मला कुठल्याच पेपरात कुणी विचारलं नव्हतं. मी स्थैर्याची व्याख्या लिहिली, प्रकार लिहिले, आकृती काढली. दीड पान. शून्य गुण.

पुढचा भाग मला जास्त लागतो. निकालानंतर इथे ठरावीक दिवशी आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मिळते. तो विद्यार्थ्याचा हक्क असतो, त्यात मेहरबानी नसते. मी गेले नाही. सरांना वाटेल ही गुण वाढवून मागायला आली, म्हणून गेले नाही. तोच पेपर सप्टेंबरात पुन्हा दिला, पुन्हा ५.०. तेव्हा मात्र गेले, कारण आता फार काही गमावण्यासारखं उरलं नव्हतं. तिथे बसलेल्या सहायकानं माझा पेपर उलगडून ठेवला, वीस मिनिटं शांतपणे समजावलं आणि मग विचारलं, "तू सत्रभर कधी काही विचारायला का आली नाहीस? दर बुधवारी दुपारी मी दार उघडं ठेवून बसतो. कितीतरी बुधवार कुणीच येत नाही."

मी काय उत्तर देणार होते? चौथीत असताना हात वर केला तर "आधी वाचून ये" असं ऐकलं होतं. अकरावीत शंका विचारली तर मागच्या बाकावरून हसू आलं होतं. इंजिनिअरिंगला प्रश्न विचारणारा म्हणजे लेक्चर लांबवणारा. सोळा वर्षांच्या शिक्षणात मी एक गोष्ट पक्की शिकले होते: येत नाही हे कळू द्यायचं नसतं. त्या एका सवयीच्या जोरावर मी शाळा-कॉलेजात पहिली येत गेले, आणि त्याच सवयीनं मला इथे दोनदा पाडलं.

नियमांचंही तसंच. आपल्याकडे केटी लागते, विषय मागे राहतो, फार तर वर्ष जातं, पण पोरगं पुन्हा बसतं आणि पुन्हा बसतं. एखादा विषय पाच-पाच वेळा देऊन सुटलेले आणि आज उत्तम काम करणारे इंजिनिअर मला माहीत आहेत. जर्मनीत नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असले तरी बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसरी गेली की नाव अभ्यासक्रमातून काढलं जातं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात जाऊनही शिकता येत नाही. राहण्याचा परवाना शिक्षणावर अवलंबून, म्हणजे तोही डळमळतो. हे मला दोन संधी वाया गेल्यावर कळलं. परीक्षा नियमावली वेबसाइटवर पहिल्या दिवसापासून होती. मी ती उघडलीच नव्हती.

माझी चूक होतीच. पण पुण्यातल्या ज्या सल्लागार कंपनीला आम्ही पैसे मोजले होते, तिनं मला व्हिसाच्या मुलाखतीला कुठल्या रंगाचा ड्रेस घालायचा इथपर्यंत सगळं सांगितलं होतं. बंद खातं, विमा, प्रवेशपत्र, जर्मनचा पहिला स्तर, सगळं. तीन संधींचा नियम सांगितला नव्हता. पेपरला बसण्यासाठी वेगळी नोंदणी स्वतः करावी लागते, मुदतीच्या आत नाव काढून घेता येतं, आजारी पडलं तर डॉक्टरचं प्रमाणपत्र ताबडतोब द्यावं लागतं, यातलं काही नाही. आज नवी येणारी मुलं मी बघते, अजूनही हेच आहे. विमानात बसवलं की सल्लागाराचं काम संपतं. मला वाटतं, ते तिथे संपता कामा नये. ज्या अभ्यासक्रमासाठी पैसे घेतले त्याची परीक्षा नियमावली मराठीत समजावून सांगणं आणि विद्यार्थी व पालक दोघांची त्यावर सही घेणं, ही सक्ती करायला सरकारला काय अडचण आहे? राज्य सरकार राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना परदेशी पाठवतं. सुरुवात तिथून करावी. निवड झालेल्यांसाठी जाण्याआधी आठ दिवसांचं शिबिर, आणि त्यात शिकवायला तिथूनच शिकून आलेली, शक्यतो एकदा तरी नापास झालेली माणसं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो घेणारी माणसं मनापासून घेतात. "बाबासाहेब गेले तेव्हा कुठे होतं समुपदेशन? ते अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. आताच्या पोरांना सगळं सोपं पाहिजे." बाबासाहेबांचं उदाहरण घ्यावंच, पण पूर्ण घ्यावं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात गेले. १९१६ मध्ये लंडनला आले आणि पुढच्याच वर्षी, शिष्यवृत्ती संपली म्हणून, अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी दिली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेनांनी दिलेलं पाच हजारांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, यांवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पहिल्यांदा स्वीकारला नाही, दुरुस्त करून आणायला सांगितला. तो त्यांनी भारतातून पुन्हा पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस मान्य झाला.

म्हणजे त्यांच्यासारख्या बुद्धीच्या आणि कष्टांच्या माणसालाही अर्धवट सोडून परतावं लागलं होतं, त्यांचंही लिखाण परत आलं होतं. त्यांच्या वाट्याला वेळ देणारं विद्यापीठ आलं, अडचण सांगता येईल असा मित्र आला, पाठीशी उभा राहणारा राजा आला. जातीच्या अपमानांनी भरलेल्या त्या काळात ही मदत मागून घेणं आणि तिच्या आधारानं पुन्हा उभं राहणं, यालाही धैर्य लागतं. आपण पोरांना फक्त अठरा तासांची गोष्ट सांगतो. परत आलेल्या प्रबंधाचीही सांगायला हवी.

दुसरा आक्षेप कॉलेजात शिकवणारे घेतात. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, अर्ध्या जागांवर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, अभ्यासक्रम संपत नाही. बुधवारी दार उघडं ठेवून कोण बसणार? अडचण खरी आहे. जर्मन विद्यापीठाच्या साधनांशी आपली बरोबरी मी लावत नाही. पण सत्रात एक पेपर असा काढायला काय लागतं, ज्यात पुस्तक उघडून बसायची परवानगी आहे आणि प्रश्न पुस्तकात नाही? तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हातात देऊन दहा मिनिटं बोलायला काय लागतं? आपल्याकडे फोटोकॉपी मिळते, पण अर्ज करून, पैसे भरून, आणि ती मागायची ती गुण वाढवून घ्यायला. चूक समजून घ्यायला पेपर बघायचा असतो हे मला चोविसाव्या वर्षी परक्या देशात कळलं.

हे फक्त परदेशी जाणाऱ्या मूठभरांपुरतं असतं, तर मी एवढं तळमळून लिहिलं नसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रात. प्रत्येकाचं कारण परीक्षा नव्हतं, आणि एकेका मृत्यूमागे काय काय असतं हे बाहेरून सांगू नये. तरी एका वर्षात आपल्या राज्यातली इतकी मुलं कुणाला काही सांगू शकली नाहीत, हे मनातून जात नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे, मराठीतही बोलता येतं. हे हवंच होतं. पण जिथे शंका विचारणं हाच कमीपणा, तिथे समुपदेशकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर कोण जाऊन बसेल? मुलगा आधी गणिताची शंका निर्धास्तपणे विचारायला शिकला, तरच पुढे कधीतरी मनातलं विचारील.

परक्या गावात रुळण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. थंडी, डिसेंबरात चार वाजता पडणारा अंधार, रविवारी बंद असलेली दुकानं, हे सगळं सवयीचं होतं. आई कुरिअरनं शेंगदाण्याची चटणी पाठवते, मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतो, आरत्या होतात. त्यातून बळ मिळतं. पण आपल्याच माणसांचा घोळका कधी कधी अडचणीचाही होतो. आम्ही वसतिगृहात एका मजल्यावर सात भारतीय होतो आणि सातही जण एकमेकांना "झालं व्यवस्थित" असंच सांगायचो. नंतर कळलं, त्या सत्रात सातांपैकी चौघांचा किमान एक पेपर गेला होता. एकाच स्वयंपाकघरात, एकाच कुकरचा भात खात, चौघं एकेकटे नापास होते.

आणि काम. खात्यातल्या ७२० युरोंत माझं भागत होतं, पण घरी हप्ता सुरू होण्याआधी थोडे पैसे पाठवावेत म्हणून मी शहराबाहेरच्या एका गोदामात पार्सलं लावायला जाऊ लागले. रात्री दहा ते सकाळी सहा. तेव्हाचं किमान वेतन तासाला ८.८४ युरो. सहाला सुटलं की ट्राम पकडायची, आठला झोपायचं, दुपारी दोनला उठायचं. सकाळची लेक्चर्स गेली. कायदा तेव्हा वर्षाला १२० पूर्ण दिवस काम करू द्यायचा, आता १४० देतो, आणि मुलांना वाटतं ते सगळे वापरलेच पाहिजेत. श्रमाची मला लाज नव्हती आणि नाही. पण हिशेब चुकला होता. इथे एका श्रेयांकामागे, म्हणजे क्रेडिटमागे, २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो आणि पूर्ण सत्र ३० श्रेयांकांचं, म्हणजे सहा महिन्यांत साडेसातशे ते नऊशे तास. त्यातले रात्रीच्या पाळीनं खाल्लेले तास मी कुठून आणणार होते? पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. जमेल तसं, पण पहिल्या सत्राचा खर्च मुलाच्या कमाईवर धरू नका. कमी पडत असतील तर एक सत्र उशिरा पाठवा. आणि मुलांनो, पहिल्या सत्रात सहाच्या सहा पेपर दिलेच पाहिजेत असं सहसा कुठल्या नियमावलीत नसतं. चार द्या. मुदतीत नाव काढून घेणं म्हणजे पळ काढणं नव्हे.

"मग पाठवावंच कशाला?" असं एकदा माझ्या मावशीनं विचारलं. पाठवावं. मला या देशानं जे दिलं ते मी नाकारणार नाही, आणि ज्याला जायचंय त्यानं जावं अशीच माझी इच्छा आहे. फक्त पाठवताना, नापास होणं शक्य आहे हे घरात एकदा मोठ्यानं बोललं गेलेलं असावं. आमच्या घरात अपघाताचा विमा काढला होता, सामान हरवण्याचा काढला होता. पेपर गेला तर काय करायचं, याबद्दल एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. अशुभ वाटलं असेल.

मी शेवटी सांगितलं ते डिसेंबर २०१७ मध्ये. नाताळची सुट्टी जवळ आली होती, वसतिगृह रिकामं होत चाललं होतं आणि दोन महिन्यांवर तिसरा पेपर होता. विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवेत मोफत समुपदेशन असतं, तिथे मी जर्मन सहाध्यायिनीच्या ढकलण्यामुळे गेले होते. तिथल्या बाईंनी फारसं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?" मी म्हणाले, कुणालाच नाही. त्या म्हणाल्या, "मग आधी एकाला सांग. अभ्यासाचं नंतर बोलू."

रात्री फोन लावला. लातुरात साडेअकरा वाजले असतील. अण्णांनी घाबरूनच उचलला. मी सगळं सांगितलं. पाच म्हणजे काय, पेढ्यांचं काय, दोनदा काय झालं, तिसऱ्यांदा काय होऊ शकतं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं वाटलं. मग अण्णा म्हणाले, "नियमांचं पुस्तक आहे का तुझ्याजवळ?"

"आहे. जर्मनमध्ये."

"वाच. मराठीत सांगत सांगत वाच."

"अण्णा, प्लॉट..."

"प्लॉटचं मी बघतो गं बाई. तू पहिलं कलम वाच."

आणि मी वाचलं. सव्वा तास. एकेक कलम, अडखळत, शब्दकोश उघडत. अण्णा मधूनमधून थांबवायचे, "म्हणजे कसं? पुन्हा सांग." त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की तिसरी संधी लगेचच्या सत्रात घेतलीच पाहिजे असं आमच्या नियमात नव्हतं, ठरावीक मुदतीपर्यंत ती पुढे ढकलता येत होती. इतके दिवस मी ज्या तारखेला घाबरत होते, ती तारीख हलू शकत होती. मी गोदाम सोडलं. पेपर उन्हाळी सत्रावर नेला. दर बुधवारी दुपारी त्या सहायकाच्या उघड्या दारात जाऊन बसले, पहिल्या दोन बुधवारी तर काय विचारावं हेही ठरवता न येता. विद्यार्थी संघटनेच्या कपाटातून जुने पेपर आणले आणि या वेळी उत्तरं पाठ न करता, हा प्रश्न विचारणाऱ्याला काय बघायचं असेल, याचा विचार करत सोडवले. ऑगस्ट २०१८ मध्ये निकाल लागला. ३.३. अण्णांना फोन केला तेव्हा ते क्षणभर थांबले, मनात मोजत असावेत, आणि म्हणाले, "म्हणजे काठाच्या जरा आत आलीस."

अण्णा आता निवृत्त झालेत. आमच्या भागातून कुणाचं पोरगं जर्मनीला निघालं की आईबाप त्यांना भेटायला येतात, कर्जाचं विचारायला, सामानाचं विचारायला. चहा झाला की अण्णा वहीचं एक पान फाडतात आणि फळ्यावर लिहायच्या त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहून देतात: १ उत्तम, ४ पास, ५ नापास. खाली पोराच्या विद्यापीठात किती संधी आहेत तो आकडा, जो पोरानं स्वतः नियमावलीत शोधून आणायचा असतो. तो आणल्याशिवाय अण्णा कागद देत नाहीत. परवा आईनं सांगितलं, रेणापूरहून आलेल्या एका बाईंनी तो कागद देवघरात ठेवायला मागितला, तर अण्णा म्हणाले, "देवघरात नको. फोनजवळ ठेवा."